सिमिली, मेटाफर, आयरनी : इंग्रजी साहित्याच्या संज्ञा मराठी माध्यमातून कशा समजून घ्यायच्या?

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं किन्हीराजा असो की राज्यातलं दुसरं कुठलंही गाव, मराठी माध्यमाच्या दहावीच्या वर्गात एक गोष्ट हमखास दिसते. मराठीच्या तासाला मुलं उपमा, रूपक, अनुप्रास हे अलंकार शिकतात. इंग्रजीच्या तासाला तीच मुलं सिमिली, मेटाफर, ॲलिटरेशन हे शब्द नव्याने पाठ करायला घेतात. दोन्ही वह्यांत गोष्ट बरीचशी एकच आहे, हे अनेकदा कोणी सांगत नाही.

त्यातून दोन नुकसानं होतात. आधीच येत असलेली गोष्ट अवघड वाटू लागते, हे पहिलं. दुसरं थोडं लपलेलं आहे. काही संज्ञा मराठी आणि इंग्रजीत अगदी सारख्या वाटतात, पण त्यांचे नियम वेगळे असतात, आणि परीक्षेत गुण नेमके तिथेच जातात.

इंग्रजी भाषा आणि साहित्याच्या अभ्यासातल्या महत्त्वाच्या संज्ञा कोणत्या, मराठीतल्या कोणत्या संज्ञांशी त्या जुळतात आणि कुठे जुळत नाहीत, हे या लेखात पाहू.

या संज्ञा लागतात कुठे?

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकवायला २००० साली सुरुवात झाली. त्याआधी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असायचं. त्यामुळे आज शाळेत असलेल्या अनेक मुलांच्या आईवडिलांनी ए-बी-सी-डी पाचवीत गिरवली आहे. घरी विचारायला कोणी नसलं, तर या संज्ञा गाइडमधून पाठ करणं हाच मार्ग उरतो.

दहावीच्या इंग्रजीत कवितेचं ॲप्रिसिएशन, म्हणजेच रसग्रहण, लिहावं लागतं. त्यात कवितेचं शीर्षक, कवी, राइम स्कीम, फिगर ऑफ स्पीच आणि मध्यवर्ती कल्पना असे मुद्दे येतात. बारावीच्या 'युवकभारती'त कवितेबरोबर कादंबरी या साहित्यप्रकाराचा स्वतंत्र विभाग आला. त्यात जूल्स व्हर्नची 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज', आर्थर कॉनन डॉयलची 'द साइन ऑफ फोर' आणि ई. आर. ब्रेथवेट यांची 'टू सर, विथ लव्ह' या कादंबऱ्यांचे उतारे घेतले गेले. तिथे प्लॉट, सेटिंग, कॅरेक्टर, थीम हे शब्द माहीत असल्याशिवाय प्रश्नच कळत नाही.

पुढे बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेतलं, नेट-सेटची तयारी केली किंवा मुलांना इंग्रजी शिकवायची वेळ आली, तरी पाया याच संज्ञांचा असतो.

'लँग्वेज आर्ट्स' म्हणजे काय?

इंटरनेटवर इंग्रजीचं साहित्य शोधताना 'इंग्लिश लँग्वेज आर्ट्स' हा शब्द वारंवार दिसतो. हा चित्रकला किंवा हस्तकलेचा विषय नव्हे. अमेरिकेतल्या शाळांमध्ये भाषा विषयाला हे नाव आहे. ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं ही चार कौशल्यं आणि त्यांच्या जोडीला साहित्याचा अभ्यास, असं सगळं त्यात येतं. आपल्याकडे ज्याला नुसतं 'इंग्रजी विषय' म्हणतात, तोच हा.

म्हणून एखाद्या परदेशी संकेतस्थळावर या नावाखाली संज्ञांची यादी मिळाली, तर ती किन्हीराजातल्या विद्यार्थ्यालाही उपयोगी पडते. फक्त त्यातली उदाहरणं बर्फ, बेसबॉल आणि थँक्सगिव्हिंगची असतात. संज्ञा पक्की व्हायला आपल्या परिसरातलं उदाहरण स्वतः तयार करावं लागतं.

साहित्यशास्त्र वाशीमला नवं नाही

इंग्रजी संज्ञा परक्या वाटतात, तेव्हा एक इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे. वाशीमचं प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी होती. या शाखेचा संस्थापक, चौथ्या शतकातला राजा सर्वसेन, स्वतः कवी होता. त्याने महाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' हे काव्य लिहिलं. ते आज उपलब्ध नाही, पण संस्कृत साहित्यशास्त्राच्या ग्रंथकारांनी त्याची दखल घेतल्यामुळे ते माहीत आहे.

त्यानंतर काही शतकांनी, इ.स. ९००च्या आसपास, राजशेखर या साहित्यशास्त्रकाराने 'काव्यमीमांसा' लिहिली. त्यात एक गोष्ट येते. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघून जातो आणि साहित्यविद्या त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरते. शेवटी दोघांचं लग्न होतं, ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. काव्य आणि साहित्यविद्या यांची गाठ पडण्यासाठी राजशेखराने वाशीम निवडलं, ते उगाच नाही. विदर्भाच्या नावाची 'वैदर्भी रीती' ही गोड, सोपी आणि सहज कळणारी शैली म्हणून तेव्हा नावाजलेली होती. राजशेखराच्याच 'कर्पूरमंजरी'त 'वच्छोमी' असा एका रीतीचा उल्लेख आहे. हे नाव वत्सगुल्मावरून आलं असं अभ्यासक मानतात.

'रीती' या शब्दाला इंग्रजीत जवळचा शब्द 'स्टाइल'. म्हणजे आज ज्या जिल्ह्यातली मुलं 'पोएटिक स्टाइल' हा शब्द बिचकत लिहितात, त्याच जिल्ह्याचं नाव एका काव्यशैलीला मिळालं होतं.

आधीच येणाऱ्या संज्ञा कोणत्या?

खालच्या जोड्या जवळजवळ जशाच्या तशा जुळतात. मराठीतली संज्ञा नीट कळली असेल, तर इंग्रजीत फक्त नाव नवीन आहे.

सिमिली म्हणजे उपमा. दोन वेगळ्या प्रकारच्या गोष्टींत सारखेपणा दाखवला जातो आणि त्यासाठी 'लाइक' किंवा 'ॲज' हा शब्द येतो. मराठीत हेच काम सारखा, प्रमाणे, जसा, सम हे शब्द करतात. उदाहरण : वैशाखातलं शेत भाजलेल्या भाकरीसारखं दिसत होतं.

पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती. निर्जीव वस्तू किंवा कल्पना माणसासारखी वागते. उदाहरण : बंद शाळेच्या खिडक्या रस्त्याकडे वाट बघत होत्या.

हायपर्बली म्हणजे अतिशयोक्ती. उदाहरण : त्याच्या घोरण्याने अख्खा तालुका जागा झाला. या शब्दाचा उच्चार 'हायपरबोल' असा नाही, हेही लक्षात ठेवावं.

पन म्हणजे श्लेष. एकाच शब्दाचे दोन अर्थ एका वेळी निघतात.

ऑनोमॅटोपिया म्हणजे आवाजाची नक्कल करणारा शब्द. मराठीत अशा शब्दांची रेलचेल आहे : धो धो, टपटप, खळखळ, किणकिण. व्याकरणात त्यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात. इंग्रजीत बझ, हिस, स्प्लॅश हे तसे शब्द आहेत.

रिफ्रेन म्हणजे पालुपद किंवा ध्रुवपद. कवितेत किंवा गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी ओळ.

एका बाबतीत तर मराठी विद्यार्थी पुढेच असतो. उपमा शिकताना तो उपमेय आणि उपमान हे दोन भाग वेगळे करायला शिकतो. इंग्रजी समीक्षेत मेटाफरच्या या दोन भागांना 'टेनर' आणि 'व्हेइकल' ही नावं आय. ए. रिचर्ड्स या समीक्षकाने १९३६ साली दिली. उपमेय-उपमानाची जोडी त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून भारतीय काव्यशास्त्रात वापरात आहे.

घोळ होतो तो इथे

आता सारख्या वाटणाऱ्या, पण नियम वेगळे असलेल्या संज्ञा.

१. यमक आणि राइम

बोलताना 'यमक जुळलं' म्हणजे शेवटचे आवाज जुळले. पण मराठी व्याकरणातला यमक अलंकार थोडा वेगळा आहे. त्यात तेच शब्द किंवा अक्षरसमूह वेगळ्या अर्थाने पुन्हा येतात. इंग्रजीतला राइम हा फक्त आवाजाचा मामला आहे आणि तो साधारणपणे ओळीच्या शेवटी पाहिला जातो.

मराठी जशी लिहिली जाते तशीच बहुतेक वाचली जाते. इंग्रजीचं तसं नाही. त्यामुळे स्पेलिंग पाहून राइम स्कीम ठरवली, की चूक होते. 'कफ' म्हणजे खोकला आणि 'डो' म्हणजे कणकेचा गोळा, या दोन्ही इंग्रजी शब्दांची शेवटची चार अक्षरं एकच आहेत, पण त्यांचा राइम होत नाही. 'ब्लू', 'शू' आणि 'थ्रू' यांची स्पेलिंगं पूर्ण वेगळी आहेत, तरी त्यांचा राइम होतो. 'लव्ह' आणि 'मूव्ह' हे डोळ्यांना जुळतात, कानांना नाही. अशा जोडीला 'आय राइम' म्हणतात.

उपाय सोपा आहे. कविता मोठ्याने वाचायची. पहिल्या ओळीच्या शेवटच्या आवाजाला 'ए' द्यायचा. पुढच्या ओळीचा आवाज तोच असेल तर पुन्हा 'ए', वेगळा असेल तर 'बी'. चार ओळींत पहिली-तिसरी आणि दुसरी-चौथी जुळत असेल, तर राइम स्कीम 'ए बी ए बी' होते.

२. अनुप्रास आणि ॲलिटरेशन

मराठीत एखादं अक्षर ओळीत वारंवार आलं, की अनुप्रास झाला. ते शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये किंवा शेवटी कुठेही चालतं. ॲलिटरेशनमध्ये जवळजवळच्या शब्दांच्या सुरुवातीचा व्यंजनध्वनी सारखा लागतो. व्यंजन शब्दांच्या मध्ये किंवा शेवटी परत परत आलं, तर त्याला कॉन्सोनन्स म्हणतात. स्वर परत आला तर असोनन्स.

इथेही अक्षर पाहायचं नाही, आवाज ऐकायचा. 'सिटी' आणि 'कॅट' हे दोन्ही शब्द 'सी' या अक्षराने सुरू होतात, पण त्यांचं ॲलिटरेशन होत नाही. 'फोन' आणि 'फिश' यांची पहिली अक्षरं वेगळी, तरी ते होतं.

३. उत्प्रेक्षा, रूपक आणि मेटाफर

मराठीत तुलनेच्या तीन पायऱ्या शिकवल्या जातात. उपमेत दोन गोष्टी सारख्या असतात. उत्प्रेक्षेत एक जणू दुसरीच असते. रूपकात दोन्ही एकच होतात. इंग्रजीत शाळेच्या पातळीवर दोनच पायऱ्या आहेत, सिमिली आणि मेटाफर. उत्प्रेक्षेसाठी वेगळं नाव नाही. 'जणू' या अर्थाने 'ॲज इफ' आलं, तर ते बहुधा सिमिलीतच धरतात.

मेटाफर हा शब्द रूपकापेक्षा मोठाही आहे. 'शब्द हेच शस्त्र' असं उघड रूपक मेटाफर आहेच. पण 'सोयाबीनचे भाव कोसळले' किंवा 'त्याचं डोकं तापलं' यातही मेटाफर आहे, कारण भाव भिंतीसारखे खरोखर कोसळत नाहीत. तुलना क्रियापदात लपलेली असते. असे मेटाफर रोजच्या बोलण्यात इतके मुरलेले असतात, की ते लक्षातही येत नाहीत.

मराठीत 'रूपक' शब्दाला आणखी अर्थ आहेत. संस्कृत नाट्यशास्त्रात रूपक म्हणजे नाटक. 'रूपककथा' म्हणजे जिच्यात वरची गोष्ट एक आणि आतला अर्थ दुसरा अशी कथा. तिला इंग्रजीत ॲलिगरी म्हणतात.

सिमिलीतही एक सापळा आहे. 'लाइक' शब्द दिसला म्हणजे सिमिली झालीच असं नाही. 'आय लाइक मँगोज' यात फक्त आवड सांगितली आहे. 'दादा बाबांइतकाच उंच आहे' ही माणसाची माणसाशी साधी तुलना आहे. सिमिलीसाठी दोन गोष्टी वेगळ्या जातीच्या हव्यात.

४. विरोधाभास : एक शब्द, तीन संज्ञा

इंग्रजीत याचे तीन प्रकार वेगळे धरतात. ऑक्सिमोरॉनमध्ये दोन विरुद्ध शब्द एकमेकांना चिकटून येतात, जसं 'बोलकं मौन'. पॅराडॉक्समध्ये पूर्ण विधान आधी खोटं वाटतं आणि विचार केल्यावर पटतं, जसं 'जितकं शिकावं तितकं आपलं अज्ञान वाढतं'. अँटिथेसिसमध्ये दोन विरुद्ध कल्पना समतोल रचनेत समोरासमोर ठेवतात, जसं 'हात रिकामे, मन भरलेलं'. त्यात कोणतंही कोडं नसतं, नुसता विरोध असतो. म्हणून त्याला विरोधाभास म्हणता येत नाही.

५. उपरोध आणि आयरनी

शाळेत आयरनीचा अर्थ बहुतेकदा 'उपरोध' असा सांगितला जातो. तो एक तृतीयांशच बरोबर आहे. आयरनीचे तीन प्रकार आहेत.

व्हर्बल आयरनी म्हणजे बोलायचं एक आणि अर्थ उलटा. तास संपताना आलेल्या मुलाला 'या, फार लवकर आलात' म्हणणं. मराठीतली व्याजस्तुती याच्या जवळची. समोरच्याला टोचायचाच हेतू असेल, तर त्याला सार्कॅझम म्हणतात.

सिच्युएशनल आयरनी म्हणजे अपेक्षेच्या नेमकं उलटं घडणं. जुलैभर ज्या पावसासाठी डोळे लावले, तो आला कधी, तर सोयाबीन कापून सुडी उघड्यावर पडली तेव्हा. इथे कोणी कोणाला टोमणा मारलेला नाही, तरी ही आयरनी आहे.

ड्रॅमॅटिक आयरनी म्हणजे वाचकाला किंवा प्रेक्षकाला माहीत असलेली गोष्ट पात्राला माहीत नसणं. मालिकेत दारामागे कोण उभं आहे हे घरबसल्या सगळ्यांना दिसतं, फक्त नायिकेला दिसत नाही.

६. मराठीत सहज न दिसणाऱ्या दोन संज्ञा

इन्व्हर्जन म्हणजे शब्दांचा नेहमीचा क्रम बदलणं. मराठीत 'गेला तो गावाला' आणि 'तो गावाला गेला' ही दोन्ही वाक्यं चालतात, त्यामुळे क्रम बदलल्याचं विशेष वाटत नाही. इंग्रजीत कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम बराच पक्का असतो. तो कवीने मोडला, तर ती नोंद घेण्याची गोष्ट ठरते.

ॲपॉस्ट्रफी हा शब्द ऐकला की विरामचिन्ह आठवतं. साहित्यात मात्र त्याचा अर्थ समोर नसलेल्या व्यक्तीला, निर्जीव वस्तूला किंवा कल्पनेला थेट हाक मारून बोलणं, जसं 'हे मृत्यू, थांब'.

कवितेच्या घडणीचे शब्द

स्टँझा म्हणजे कडवं. कप्लेट म्हणजे दोन ओळींची जोडी. क्वाट्रेन म्हणजे चार ओळींचं कडवं.

मीटर म्हणजे लय मोजण्याची पद्धत. मराठी वृत्तं लघू आणि गुरू अक्षरांवर किंवा मात्रांवर चालतात. इंग्रजी मीटर आघातावर चालतं, म्हणजे शब्दातला कोणता भाग जोर देऊन उच्चारला जातो यावर. 'बिगिन' शब्दात जोर दुसऱ्या भागावर आहे. आधी हलका, मग जोराचा, अशा जोडीला 'आयँब' म्हणतात. अशा पाच जोड्यांची ओळ म्हणजे 'आयँबिक पेंटामीटर'. मराठीत जोराला एवढं महत्त्व नसल्याने हा आघात कानाला पटकन कळत नाही. शब्दकोशातलं उच्चाराचं ध्वनिमुद्रण ऐकणं इथे उपयोगी पडतं.

सॉनेट म्हणजे चौदा ओळींची कविता, मराठीत सुनीत. इटालियन पद्धतीत तिचे आठ आणि सहा ओळींचे दोन भाग पडतात. शेक्सपिअरच्या पद्धतीत चार-चार ओळींची तीन कडवी आणि शेवटी एक कप्लेट असतं. हा प्रकार केशवसुतांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठीत आणला.

ब्लँक व्हर्स आणि फ्री व्हर्स यांत नेहमी गल्लत होते. ब्लँक व्हर्समध्ये राइम नसतो, पण मीटर पक्कं असतं. शेक्सपिअरच्या नाटकांचा मोठा भाग असाच आहे. फ्री व्हर्समध्ये ठरलेला राइम नाही आणि ठरलेलं मीटरही नाही. त्याला मराठीत जवळचा शब्द मुक्तछंद. मराठीत मुक्तछंद रुजवण्यात ज्यांचं नाव पुढे येतं, ते कवी अनिल म्हणजे आ. रा. देशपांडे हे वाशीमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचे. त्यांचा जन्म १९०१चा. दहा ओळींच्या 'दशपदी' या नव्या रचनेसाठीही ते ओळखले जातात. 'दशपदी' याच नावाच्या त्यांच्या संग्रहाला १९७७ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. साहित्यातल्या संज्ञा बाहेरून येतात तशा त्या वऱ्हाडातही घडल्या आहेत, याचं हे जवळचं उदाहरण.

कथा-कादंबरीच्या संज्ञा, एकाच गोष्टीतून

समजा, एक गोष्ट अशी आहे. दोन भावांची एक सामाईक विहीर आहे. पाण्याच्या पाळीवरून त्यांच्यात भांडण होतं. प्रकरण कोर्टात जातं आणि वर्षानुवर्षं चालतं. एका उन्हाळ्यात थोरल्याच्या बाजूने निकाल लागतो. तो आनंदाने मोटर सुरू करायला जातो, तर विहीर कोरडी पडलेली असते. ही सगळी हकीकत धाकट्या भावाची दहा वर्षांची मुलगी सांगते.

स्टोरी म्हणजे घटनांचा नुसता क्रम : भांडण झालं, मग खटला झाला, मग निकाल लागला. प्लॉट म्हणजे कथानक, ज्यात घटना कारणांनी जोडलेल्या असतात. पाणी कमी झालं म्हणून भांडण झालं, भांडणामुळे गाळ काढायला कोणी पैसे दिले नाहीत, म्हणून विहीर आटली. हा फरक ई. एम. फॉर्स्टर यांनी 'ॲस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल' या १९२७ सालच्या पुस्तकात मांडला आणि तो आजही शिकवला जातो.

सेटिंग म्हणजे स्थळ आणि काळ, दोन्ही. 'विदर्भातलं एक गाव' एवढं लिहिलं तर अर्धंच उत्तर होतं. 'दुष्काळी उन्हाळा' हाही सेटिंगचा भाग आहे.

कॉन्फ्लिक्ट म्हणजे संघर्ष. भावाविरुद्ध भाऊ हा बाहेरचा संघर्ष. भावाशी बोलावंसं वाटतं पण मान आड येतो, हा आतला.

क्लायमॅक्स म्हणजे उत्कर्षबिंदू. इथे तो निकालाचा आणि कोरड्या विहिरीचा क्षण. फिगर ऑफ स्पीच म्हणून क्लायमॅक्सचा अर्थ वेगळा आहे. कल्पना चढत्या क्रमाने मांडणं, म्हणजे मराठीतला 'सार' अलंकार.

नॅरेटर म्हणजे निवेदक. निवेदक आणि लेखक एक नसतात, हे सर्वांत जास्त विसरलं जातं. इथे निवेदक लहान मुलगी आहे, लेखक कोणीही असेल. 'द साइन ऑफ फोर' कॉनन डॉयलने लिहिली, पण ती सांगतो डॉक्टर वॉटसन. तो 'मी' म्हणून बोलतो, म्हणजे पॉइंट ऑफ व्ह्यू फर्स्ट पर्सन आहे. 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' बाहेरचा निवेदक सांगतो, म्हणजे थर्ड पर्सन. मुलीऐवजी थोरल्या भावाने ही गोष्ट सांगितली असती, तर सगळा दोष धाकट्यावर गेला असता. पॉइंट ऑफ व्ह्यू विचारतात तो यासाठी.

टोन म्हणजे लेखनातला सूर : हळवा, रागीट, मिश्कील. मूड म्हणजे वाचताना वाचकाच्या मनात तयार होणारं वातावरण.

डिक्शन म्हणजे शब्दांची निवड आणि डायलेक्ट म्हणजे बोली. भाऊ 'मला, तुला' म्हणतात की 'मले, तुले', यावरून ते कुठले आहेत हे वाचकाला न सांगता कळतं. बोली म्हणजे अशुद्ध भाषा नव्हे. साहित्यात ती पात्र उभं करण्याचं साधन असते. गावाकडचं जगणं साहित्यात मोठं ठरतं, याला वाशीममध्येच दाखला आहे. इथले लेखक नामदेव कांबळे यांच्या 'राघववेळ' या कादंबरीला १९९५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

थीम म्हणजे मध्यवर्ती कल्पना. हिच्यात आणि विषयात फरक आहे. 'पाणी' किंवा 'भावांचं भांडण' हा विषय झाला. 'हक्कासाठी भांडताना माणूस ज्यासाठी भांडतो तेच गमावतो' ही थीम. विषय एका शब्दात सांगता येतो, थीमला पूर्ण वाक्य लागतं. खटला जिंकून कोरडी विहीर मिळणं ही सिच्युएशनल आयरनी, आणि या गोष्टीत थीम कळते ती तिच्यामुळेच.

उत्तरात या संज्ञा कशा वापरायच्या?

मराठीतला 'रसग्रहण' हा शब्द रसावरून आला. कविता चाखणं, तिचा आस्वाद घेणं हा त्याचा गाभा. 'ॲप्रिसिएशन' हा शब्द मूल्य किंवा किंमत ठरवणं या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. मराठीच्या पेपरात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं या अंगांनी लिहिण्याची सवय असते, ती इंग्रजीतही कामाला येते. फक्त प्रत्येक विधानाला कवितेतला पुरावा जोडावा लागतो.

समजा, कवितेत अशी ओळ आहे : 'द ओल्ड वेल होल्ड्स इट्स ब्रेथ', म्हणजे जुनी विहीर श्वास रोखून आहे.

कच्चं उत्तर : या ओळीत पर्सॉनिफिकेशन आहे.

चांगलं उत्तर : या ओळीत पर्सॉनिफिकेशन आहे. श्वास रोखणं ही सजीवाची क्रिया विहिरीला दिली आहे. त्यामुळे पावसाची वाट पाहणाऱ्या गावाची घालमेल वाचकाला जाणवते.

दुसऱ्या उत्तरात तीन पायऱ्या आहेत : नाव, पुरावा, परिणाम. नाव पाठांतराने येतं. पुरावा ओळ नीट वाचल्यावर सापडतो. परिणाम सांगायला मात्र कविता कळावी लागते. ही तीन वाक्यं आधी मराठीत मनात जुळवली आणि मग सोप्या इंग्रजीत लिहिली, तरी चालतं. मोठे शब्द नसले तरी बिघडत नाही, मुद्दा चुकला तर बिघडतं.

थोडक्यात लक्षात ठेवण्यासारखं

– सिमिली, पर्सॉनिफिकेशन, हायपर्बली, पन आणि ऑनोमॅटोपिया यांना मराठीत सरळ जोडीदार आहेत. ते नव्याने पाठ करायची गरज नाही.

– राइम आणि ॲलिटरेशन कानाने ओळखायचे, स्पेलिंगने नाही.

– मेटाफर रूपकापेक्षा मोठा आहे आणि आयरनी उपरोधापेक्षा मोठी.

– विरोधाभास म्हणून ओळखलेली जागा ऑक्सिमोरॉन आहे, पॅराडॉक्स आहे की नुसता अँटिथेसिस, हे तपासायचं.

– ब्लँक व्हर्समध्ये मीटर असतं, फ्री व्हर्समध्ये ठरलेलं मीटर नसतं.

– निवेदक म्हणजे लेखक नव्हे, आणि विषय म्हणजे थीम नव्हे.

– उत्तरात नाव, पुरावा आणि परिणाम हे तिन्ही हवेत.

मराठीची अलंकारांची वही आणि इंग्रजीची फिगर्स ऑफ स्पीचची वही शेजारी शेजारी उघडून ठेवली, तर या अभ्यासातलं अर्धं काम झालेलं असतं. उरलेलं अर्धं म्हणजे दोन्ही वह्या जिथे जुळत नाहीत, त्या जागांवर खूण करणं.